तीन वर्षांचं जावळ

आपली घोडी लास्ता बावीस वर्षांची आहे असं रागिब परदेशी पाहुण्यांना सांगतो. ती सतराची आहे. पण म्हातारी म्हटलं की लोकांना दया येते आणि ते एखादी पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतात. याला कुणी लबाडी म्हणो. रागिबचा लास्तावर जीव आहे, एवढंच मी म्हणेन. त्याच्या बायकोचं, झुम्राचं म्हणणं वेगळं. "माझे गुडघे धरतात तेव्हा नाही सांगत हा कुणाला, की माझी बायको नव्वदीची आहे म्हणून!"

आमच्या क्रुशेव्ह दोमध्ये आता चौदा धुराडी उरलीत. लढाईच्या आधी बावन्न होती. त्या चौदांतल्या सहा घरांत माणसं फक्त उन्हाळ्यात येतात, आणि बाकीच्यांत आम्ही, जे कुठे जाऊ शकलो नाही किंवा जाऊन परत आलो. गेल्या आठ-नऊ वर्षांत मात्र एक नवल सुरू झालंय. बॉस्नियाचे डोंगर पायी हिंडायला म्हणून जर्मनीतून, हॉलंडातून लोक येतात. ज्या चढाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, तो चढ चढायला ही मंडळी पैसे देतात आणि वर जाऊन धापा टाकत म्हणतात, काय सुंदर आहे हो! आहेच सुंदर. पण पाठीवर पिठाचं पोतं असलं की कुणाला दिसणार?

रागिबला पोतं असतानाही दिसायचं, हे कबूल करायला हवं. तो पहिल्यापासून तंद्रीतला माणूस. बोलता बोलता मध्येच थांबून डोंगरावर उतरणाऱ्या ढगाकडे बघत बसेल. लाकूड फोडायला गेला तर तासाभराने कुऱ्हाड तशीच हातात घेऊन परत येईल, आणि लाकूड कुठाय म्हटलं तर आपल्यालाच विचारेल, कसलं लाकूड? चौसष्ट वर्षांचा झाला तरी ती तंद्री सुटली नाही. लढाईनंतर वाढलीच. डोंगर चढताना तो आपल्या भावाशी बोलतो. झुल्फो त्याचं नाव, पंचवीस वर्षांपूर्वी गेला तो. पाहुण्यांना वाटतं, घोडीशी बोलतोय.

त्याचं काम ठरलेलं. सकाळी पाहुण्यांचं सामान लास्तावर बांधायचं, अडीच तास चढून खिंडीत जायचं, तिथे सामान उतरवून द्यायचं, पलीकडची वाट बोटाने दाखवायची आणि माघारी फिरायचं. पलीकडच्या उतारावर वर्बित्सा गाव आहे, दीड तासाची सोपी वाट. दुसरा कुणीही घोडेवाला थेट गावापर्यंत गेला असता आणि वर जेवून आला असता. रागिब जात नाही. पंचवीस वर्षांत एकदाही गेला नाही. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणतो, "पुढे सुरुंग आहेत." तरुणपणी श्टुटगार्टला दोन वर्षं गवंडीकाम केलं, तेव्हाची जर्मन त्याला एवढ्यापुरती पुरते. पाहुणे पांढरेफटक पडतात. मग हा सावरून घेतो, "माणसांसाठी नाहीत. घोड्यांसाठी."

आता घोड्यांसाठी वेगळे सुरुंग असतात होय? सुरुंग काढणारी माणसं नऊ वर्षांपूर्वीच आली, गुडघ्यांवर रांगत सगळा उतार तपासला, आपल्या पिवळ्या फिती गुंडाळल्या, झुम्राच्या हातची कॉफी प्यायली आणि गेली. वाट साफ आहे. रागिबला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण वर्बित्सात ओब्रेन राहतो, आणि ओब्रेन रागिबचा कूम आहे.

कूम म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या जुन्या रीतीत पोराचं जावळ घरातल्या माणसाने काढायचं नसतं. बाहेरच्याने काढायचं, आणि माणूस जितका बाहेरचा तितकं नातं पक्कं. म्हणून चर्चमध्ये जाणारा मशिदीत जाणाऱ्याला बोलवायचा, आणि मशिदीतला चर्चमधल्याला. ज्याने पोराची पहिली बट कापली तो त्या दिवसापासून त्या घराचा कूम झाला. कूमाशी भांडायचं नाही, कूमाच्या घराशी सोयरीक करायची नाही, कूम दारात आला की म्हाताऱ्यानेही उठून उभं राहायचं. रक्ताचे भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडतील, पण कूम तुटत नाही. म्हणजे, तेव्हा तुटत नसे.

ओब्रेन चर्चचा, रागिब मशिदीचा, पण पोरपणी दोघांनी एकाच कुरणात मेंढ्या राखलेल्या. एकोणनव्वदच्या जूनमध्ये ओब्रेन खिंड चढून आला, आलुबुखाराच्या दारूची बाटली खिशात घालून, आणि दारातच म्हणाला, "रागिब, माझ्या नेजोला तुझी कात्री लागू दे." रागिब छत्तीस वर्षांचा होता. त्याला स्वतःला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ओब्रेनच्या अंगणात त्याने नेजोला मांडीवर घेतलं तेव्हा त्याचे हात इतके कापत होते, की ओब्रेनची बायको रादोयका ओरडली, "अहो कूम, कान राहू द्या त्याचे!" तो दिवस रागिबच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. लग्नाचा धरूनसुद्धा. झुम्राला हे माहीत आहे आणि तिची हरकत नाही.

मग ब्याण्णव साल आलं. ऑगस्टातल्या एका पहाटे चर्चवाल्यांची फौज आली, मशिदीवाल्यांची गावं जाळत. फार तपशील सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना नको असतो आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळत नाही. गावाने मिळेल ते उचलून रान गाठलं. झुल्फोचा एक पाय जन्मापासून अधू होता. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो." तो आला नाही. चार दिवसांनी रागिबने लपतछपत येऊन त्याला परसातल्या नासपतीखाली पुरलं.

फौज ज्या रस्त्याने आली तो रस्ता वर्बित्सावरून येतो. तेव्हापासून रागिबच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला. ओब्रेनला आधी माहीत होतं का? नसेल, तर तो आजही त्याचा कूम आहे. असेल, आणि तरी तो सांगायला आला नसेल, तर मग रागिबचं या जगात झुम्राखेरीज कुणी नाही. जायचं आणि विचारायचं, एवढं सोपं होतं. पण विचारलं की उत्तर मिळतं. म्हणून सुरुंग.

शिवाय, येणं ओब्रेनचं होतं. ज्याचं घर जळलं त्यानेच उठून भेटायला जायचं का? लढाई संपली, घरांवर नवी छपरं चढली, परदेशी लोक यायला लागले, आणि ओब्रेन आला नाही. साधा निरोपसुद्धा नाही.

यंदाच्या जूनमध्ये हानेलोरे नावाच्या एक बाई पलीकडून चालत आल्या. जर्मनीतल्या निवृत्त शाळामास्तरीण, उन्हाने नाक सोलून निघालेलं. झुम्राच्या अंगणात बसून गरमगरम उष्टिपचे सायीत बुडवून खात होत्या. आता उष्टिपचे म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, पण झुम्राच्या हातचे खाल्ले की माणूस बोलका होतो. बाईही झाल्या. रागिब चुलीशी बसून तांब्याच्या भांड्यातल्या कॉफीवरचा फेस चमच्याने वाटीवाटीत वाढत होता.

"काल मी पलीकडे ओब्रेनच्या घरी उतरले होते," बाई म्हणाल्या. "फार भली माणसं."

रागिबचा चमचा थांबला. त्याने या घराबद्दल कुणाला कधी काही विचारलं नव्हतं, आणि कुणी आपणहून बोललं तर तो उठून घोडीकडे जायचा. त्या दिवशी हातात फेस होता म्हणून उठता आलं नाही.

"त्यांची नात आहे तीन-साडेतीन वर्षांची. केस काय सुंदर हो! कमरेपर्यंत, सोनेरी. आजी रोज वेणी घालते. मी तिला एक छोटी बाहुली दिली, तर तिने ती थेट कोंबड्यांत भिरकावली."

"काय म्हणते ही?" झुम्राने विचारलं. तिला जर्मन येत नाही.

"ओब्रेनला नात आहे म्हणते," रागिब म्हणाला. मग बाईंना विचारलं, "नाव काय तिचं?"

"वूक."

रागिबने नाव झुम्राला सांगितलं आणि झुम्रा खो खो हसत सुटली. "वूक? अगं बाई, पोरीचं नाव कुणी लांडगा ठेवतं का? हिला काही..." आणि ती मध्येच थांबली. हातातला झारा तिने हळूच कढईच्या काठावर टेकवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"नात नाहीये ती," रागिब म्हणाला. "नातू आहे. नेजोचा मुलगा." जरा वेळाने म्हणाला, "तीन वर्षांचा झाला. आणि जावळ काढलेलं नाही."

बाईंना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, आपण उष्टिपचे जास्त खाल्ले म्हणून नवरा-बायको गप्प झाली. त्यांनी ताटली पुढे सारली.

पोराच्या केसाला वर्ष-दीड वर्षात कात्री लागते. त्यानंतर राहिले तर शेजारीपाजारी विचारायला लागतात, मग हसायला लागतात, मग पोराला त्याच्याच वयाची पोरं मुलगी म्हणून चिडवतात. वर्बित्सात दीड-दोन वर्षं हे चाललं असणार. आणि बापाचं जावळ ज्या हाताने काढलं, मुलाचंही काढायचा मान त्याच हाताचा. कात्री काय वर्बित्सात मिळत नाही का? घरात नाही का? हात नव्हता.

पुढचे तीन दिवस रागिब घरात असून नसल्यासारखा. कॉफीत मीठ घातलं, लास्ताला सोडून मोकळं दावं हातात धरून झऱ्यावर गेला. चौथ्या सकाळी झुम्राचा संयम संपला.

"जा ना एकदाचा."

"बोलावणं यायला हवं," रागिब म्हणाला. "बोलावल्याशिवाय कूम जात नसतो."

"पोराचे केस कमरेपर्यंत आले, आणखी कसलं बोलावणं पाहिजे तुला? वाजंत्री लावायची का?"

"त्याला यायला पाय नाहीत?"

"मला काय माहीत, नसतील. तुला आहेत ना? का तेही घोडीला देऊन बसलास?"

रागिब बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधायला लागला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आणि त्याला माहीत असेल तर?"

झुम्रा त्याच्याजवळ येऊन बसली. "तर माहीत असेल. पंचवीस वर्षं झाली, रागिब, या घरात तू, मी आणि तो प्रश्न असे तिघं जेवायला बसतो. मला कंटाळा आलाय त्याला वाढून वाढून."

तिने शिवणाच्या डब्यातली कात्री काढून फडक्यात गुंडाळली. पोरासाठी लोकरीचे मोजेही दिले. ते तिने कधी विणले, कुणास ठाऊक. रागिब तंद्रीत असताना या बायका बरंच काही करून घेतात.

त्या दिवशी हॉलंडचं एक तरुण जोडपं होतं. वर धुकं पडलेलं. असं धुकं, की पुढे चाललेल्या लास्ताचं शेपूट दिसायचं आणि घोडी दिसायची नाही. खिंडीत पोचल्यावर तरुणाने आपणहून पिशव्या सोडायला हात घातला. त्याला आधीच्या पाहुण्यांनी सगळं सांगून ठेवलेलं.

"राहू दे," रागिब म्हणाला.

"पण सुरुंग?"

"आज नाहीत."

आणि तो पलीकडे उतरला. नंतर त्याने मला सांगितलं, की उतरताना पायाखाली जमीन होती की नाही ते त्याला आठवत नाही. धुक्यात बीच जातीची झाडं एक एक करून पुढे यायची, भेटून मागे जायची. कुठल्या तरी मेंढीच्या गळ्यातली घंटा डावीकडे वाजायची, मग उजवीकडे, मग त्याच्या स्वतःच्या छातीत वाजल्यासारखी वाटायची. आपण नक्की कितीचे आहोत, हेच त्याला समजेना. छत्तीसचा रागिब नवी कात्री घेऊन पुढे चाललाय, आणि आपण त्याच्या मागून सामान वाहत येतोय, असं काहीसं. झुल्फोही बरोबर होता.

"कुठे निघालास एवढा नटून?" झुल्फोने विचारलं.

"जावळाला."

"मग मला कशाला नेतोस? मी लंगडत येणार, तुला उशीर होणार."

"हळूच चालू," रागिब म्हणाला. "यावेळी हळूच चालू." आणि मागून येणाऱ्या हॉलंडच्या मुलीला वाटलं, किती मायेने बोलतो हा घोडीशी.

खालच्या वळणावर धुकं सुटलं. वर्बित्सातही अर्धी घरं पडलेली. एका बिनछपराच्या घरातून भलंमोठं अक्रोडाचं झाड वाढलं होतं, आणि त्याची एक फांदी खिडकीतून बाहेर आली होती. रागिबला याची कल्पना नव्हती. का कुणास ठाऊक, इकडचं काही मोडलं नसेल असंच तो धरून चालला होता.

पाहुण्यांना त्याने गावाच्या तोंडाशी सोडलं. ओब्रेनच्या अंगणात रादोयका चादरी वाळत घालत होती. तिने चादरीआडून आधी घोडी पाहिली, मग माणूस पाहिला. तोंडातला चिमटा तिने काढला नाही, तो तसाच दातात धरून ती म्हणाली, "कूमा." मग चिमटा पडला. "कूमा, उन्हात का उभा? कॉफी ठेवते." आणि आत पळाली, आणि आत जाऊन भांडी पाडल्याचा आवाज आला.

ओब्रेन पडवीत बाकावर बसून विळ्याला धार लावत होता. वाळला होता, खांदे पडले होते. तो उठून उभा राहिला. नीट, सरळ, रीतीप्रमाणे उभा राहिला. पण पुढे आला नाही आणि कूमही म्हणाला नाही.

"आलास," एवढंच म्हणाला.

"पोराचे केस वाढलेत असं ऐकलं."

"नेजोचा हट्ट. तो बांधकामावर असतो, ऑस्ट्रियात. फोनवर रोज सांगतो, माझे कापले त्याच हाताने कापायचे, नाहीतर लग्नापर्यंत वेणी घालू दे त्याला. मी तरी काय करणार?"

"मला बोलावणार, दुसरं काय!"

ओब्रेनने विळा बाकावर ठेवला. तेवढ्यात वेणीवाला वूक कोंबड्यांमागून धावत आला आणि रागिबसमोर उभा राहिला. नेजोच. तेच कपाळ, तोच पुढे आलेला खालचा ओठ. रादोयकाने कॉफी आणली, साखरेचे खडे आणले, हसत रडत काहीबाही बोलत राहिली. टॉवेल आला. रागिबने फडकं सोडून कात्री बाहेर काढली. पंचवीस वर्षांचं ओझं खांद्यावरून कुणीतरी उतरवून घेतंय असं त्याला वाटलं. प्रश्न विचारायची गरजच काय, हे पोर म्हणजेच उत्तर आहे, असं वाटलं. त्याने हात पुढे केला, "ये रे लांडग्या, इकडे."

"थांब," ओब्रेन म्हणाला. "कात्री खाली ठेव, रागिब. आधी ऐक."

"नंतर ऐकतो."

"नंतर सांगितलं तर तो दगा होईल. एक केला तेवढा पुरे." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी कळलं. लाकडाच्या वखारीवर एकजण बोलून गेला, उद्या वरचं गाव. मी निघालो होतो. खिंडीपर्यंत आलो. वरून तुमचे दिवे दिसत होते, झुल्फोचा कुत्रा भुंकत होता. आणि मला वाटलं, मी सांगितलं हे फौजेला कळलं तर माझं घर जाळतील. रादोयका आत आहे, नेजो आत आहे. उभा राहिलो, उभा राहिलो आणि परत फिरलो. म्हणून आलो नाही बोलवायला. बोलवायला आलो असतो तर हे आधी सांगावं लागलं असतं. तेवढी छाती झाली नाही."

रादोयका तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून उभी होती. तिला माहीत होतं.

रागिबने कात्री बाकावर ठेवली. उठला, पडवी उतरला आणि लास्ताकडे जाऊन तिच्या मानेवर कपाळ टेकवून उभा राहिला. आदल्या संध्याकाळी. म्हणजे अख्खी रात्र हाताशी होती. झुल्फोला चालायलाही लागलं नसतं, एखाद्या घोड्यावर बसवून नेला असता. उजाडेपर्यंत तो रानाच्या पार पलीकडे असता, कुरकुरत, सिगारेट मागत. आज साठीचा असता. त्या क्षणी रागिबला ओब्रेनचा जीव घ्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू, त्याने स्वतःच मला सांगितलंय. बाकावर धार लावलेला विळाही होता. त्याने खोगिराचा पट्टा आवळायला घेतला. निघायचं आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही.

"तू कापणार होतास ना?"

वूक मागे उभा होता. हातात उघडी कात्री. रागिबने आधी झडप घालून ती काढून घेतली.

"कात्री अशी धरतात का? डोळा फोडून घेशील."

"मग काप ना," पोरगं म्हणालं. "मला सगळे मुलगी म्हणतात. मिलोश म्हणतो. पाहुणे पण म्हणतात. एका बाईने मला बाहुली दिली."

"ऐकलंय मी ते."

"मी कोंबड्यांना दिली. त्यांना पण नको होती." त्याने वेणी पुढे ओढून दाखवली. "वेणी घालताना दुखतं. आजोबा म्हणतो, एक माणूस डोंगरावरून येईल आणि मग कापू. मी रोज बघतो. तूच आहेस ना तो?"

रागिबचा एक हात अजून पट्ट्यावर होता. मी नाही म्हणून सांगायचं आणि जायचं, एवढंच होतं. पोर वर तोंड करून बघत होतं, उन्हाने एक डोळा बारीक करून. याने कुणाचं काय केलं होतं? याचा बापही तेव्हा चार वर्षांचा होता.

"मीच," रागिब म्हणाला.

लाकडं फोडायच्या ओंडक्यावर त्याने वूकला बसवलं आणि वेणीची गाठ सोडली. केस खरंच कमरेपर्यंत आले होते. त्याने पुढची एक बट डाव्या हातात धरली, उजव्या हातात कात्री. आणि तो अडला. पहिला केस जमिनीवर पडू द्यायचा नसतो, पोराला ते लाभत नाही. धरायला दुसरा माणूस लागतो, आणि ते काम घरच्या कर्त्याचं. टॉवेल पडवीत राहिला होता. ओब्रेन पडवीच्या पायरीवर उभा होता, खाली उतरायची हिंमत नसलेला.

"टोपी काढ," रागिब त्याच्याकडे न बघता म्हणाला. "इकडे ये. धर खाली."

ओब्रेन आला. अंगणातलं ते अंतर पंधरा पावलांचं असेल, त्याला बराच वेळ लागला. त्याने टोपी काढली, ओंडक्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी टोपी पोराच्या हनुवटीखाली धरली. कात्री मिटली. पहिली बट टोपीत पडली. वूक हसला, त्याला गुदगुल्या झाल्या.

"तुला माफ केलं असं समजू नकोस," रागिब म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाही समजत."

"कधी करेन, तेही माहीत नाही."

"बरं."

रागिबने दुसरी बट धरली. "मग टोपी नीट धर, कूमा. हलतेय ती."